डाव्या खिडकीच्या दोन जागा

तराजूकाकांनी साखरेची बरणी उचलली आणि टेबलाच्या बरोबर मधोमध ठेवली. तिच्या दोन्ही अंगांना चहाचे रिकामे कप लावले, कडेला मिठाचं भांडं मांडलं आणि मागच्या बाजूला एक चमचा आडवा टाकला.

"ही बोट," ते म्हणाले. "चमचा म्हणजे रॅम्प. बरणी म्हणजे मोठे ट्रक, ते मधे. कप म्हणजे मोटारी."

"आणि मीठ?" समोर बसून मटार सोलणाऱ्या काकूंनी विचारलं.

"मीठ म्हणजे आपण. वरच्या मजल्यावर, डाव्या खिडकीशी. दोन जागा."

"मग ते उजवीकडे का ठेवलंय?"

काकांनी बोट मनातल्या मनात एकदा फिरवून पाहिली आणि मिठाचं भांडं मुकाट्याने डावीकडे सरकवलं.

"सकाळी आठला सुटायचं," ते पुढे म्हणाले, "साडेअकराला तिकडच्या धक्क्याला लागायचं. चाळीस मिनिटं मुक्काम. मग तीच बोट परत, पावणेचारला घरच्या धक्क्यावर. चारच्या चहाला आपण इथे, याच खुर्च्यांवर. निवृत्त माणसाला वर्षातून एकदा दोघांचा पास मिळतो, तो फुकट का घालवायचा? आणि उतरायची वगैरे काही भानगड नाही. बसल्या जागी जायचं, बसल्या जागी यायचं. नुसता समुद्र बघायचा."

"उतरायचंच नाही?"

"छे. अजिबात नाही. पायसुद्धा खाली ठेवायचा नाही."

काकूंच्या हातातली शेंग अर्धी उघडलेली राहिली. मग त्यांनी ती पुरती उघडली, दाणे वाडग्यात ढकलले आणि म्हणाल्या, "बरं."

त्या 'बरं'वर काका मनापासून खूश झाले. माणूस एकतीस वर्षं वजनं ओळखत आला होता, पण शब्दांची वजनं ओळखणं हे त्यांचं काम कधीच नव्हतं.

त्यांचं काम होतं बोटीच्या पोटात गाड्या लावायचं. कुठला ट्रक मधे, कुठला मागे, कुठली मोटार कुठल्या भिंतीला, हे ते रॅम्पवर उभे राहून नुसत्या हाताने दाखवत. कागदावर वजन काहीही लिहिलेलं असो, टायर किती दबलंय हे बघून ते ड्रायव्हरला म्हणत, "कागद खिशात ठेवा आणि मधे या." त्यांच्या हाताखाली बोट एकदाही कलली नाही, म्हणून धक्क्यावर त्यांचं नाव तराजू पडलं आणि केस पिकल्यावर त्याला काका चिकटलं. हा तोल त्यांनी घरीही आणला होता. कपाटात जड ते खाली, हलकं ते वर. बसमध्ये सगळे उतारू एका बाजूला बसले असले, की हे उठून दुसऱ्या बाजूला जाऊन बसत. काकूंनी सुरुवातीला त्याची लाज वाटून घेतली, मग त्याची थट्टा केली आणि शेवटी त्याही न सांगता त्यांच्याबरोबर उठू लागल्या.

एकतीस वर्षांत नऊ हजारांवर फेऱ्या झाल्या, पण पलीकडच्या देशात काकांनी एकदाही पाऊल टाकलं नव्हतं. तिथल्या धक्क्यावर रॅम्पपासून वीसेक पावलांवर जमिनीवर एक पिवळी रेषा होती. रेषेच्या अलीकडे बोटीची माणसं आणि पलीकडे तो देश. खलाशी-पुस्तिका दाखवून रेषेपर्यंत जाता येई, पुढे नाही. आणि चाळीस मिनिटांत एक बोट रिकामी करून पुन्हा भरणाऱ्या माणसाला पुढे जायला वेळ तरी कुठला?

त्याच रेषेच्या पलीकडे सात वर्षांपूर्वी ठमी गेली.

ठमी म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. चष्म्याच्या काचा घासायचं काम शिकली, इथल्याच एका दुकानात लागली, तिथे काचा घेऊन येणाऱ्या पलीकडच्या एका मुलाशी तिचं जमलं. मुलगा वाईट नव्हता. काकूंचं म्हणणंही तसं नव्हतं. त्यांचं म्हणणं एवढंच, की मध्ये समुद्र आहे. वाद वाढला आणि एका सकाळी दारात उभ्या राहून काकू बोलून गेल्या, "जायचं तर जा. पण मग या घराचा उंबरा चढू नकोस."

रागात आया असं शंभरदा बोलतात आणि मुली ते शंभरदा विसरतात. पण ठमी होती आईचीच मुलगी. तिने ते वाक्य जसंच्या तसं पाळलं. काकूंनीही पाळलं. त्या दिवसापासून त्यांनी घरात तिचं नाव घेतलं नाही. फारच अडलं तर 'ती' म्हणत, तेही खिडकीकडे बघत.

आणि काका? काका दर बुधवारी तिला भेटत होते. ठमीचं दुकान बुधवारी बंद असे. साडेअकराला ती पिवळ्या रेषेवर येऊन उभी राही. काका शेवटचे दोन ट्रक जोडीदाराच्या हवाली करून वीस पावलं पळत जात आणि बापलेक रेषेच्या दोन बाजूंना उभे राहून दहा मिनिटं बोलत. पहारेकरी तेवढा वेळ समुद्राकडे तोंड करून उभा राही. लग्न झाल्याचं काकांना तिथेच कळलं, मूल होणार असल्याचंही तिथेच आणि नातीला त्यांनी पहिल्यांदा हातात घेतलं तेही रेषेवरून, कोपरापर्यंत हात परदेशात घालून. एकदा त्या पोरीने पाय झाडून एक मोजा अलीकडे फेकला, तेवढ्यात भोंगा झाला आणि मोजा काकांच्या जाकिटाच्या खिशात घरी आला. जाकीट धुवायला पडलं तेव्हा काकांना आठवण झाली आणि घाम फुटला. पण मोजा दुसऱ्या दिवशी होता तिथेच, खिशात सापडला. सुटलो, असं त्यांना वाटलं. पुढच्या बुधवारी त्यांनी तो परत केला.

आता मात्र निवृत्त होऊन तीन महिने झाले होते आणि तीन महिन्यांत एकही बुधवार आला नव्हता. ठमीचा फोन येई. काकांच्या मोबाइलमध्ये ती 'जॅक दुरुस्ती' या नावाने होती, कामावरच्या ट्रक उचलायच्या जॅकचा दुरुस्तीवाला वाटावा म्हणून. "बाबा," ती मागच्या खेपेला म्हणाली, "ही रोज विचारते, बोटआजोबा कुठे बुडाले. मी काय सांगू?"

त्यावर काकांना ही युक्ती सुचली होती. बोट तिकडे लागताना वळते आणि तिची डावी बाजू धक्क्याकडे येते. डाव्या खिडकीतून पिवळी रेषा समोर दिसते. ठमी मुलीला घेऊन तिथे उभी राहील, काकूंची नजर पडेल आणि काका म्हणतील, "अगं, ती बघ कोण." हे वाक्य त्यांनी आरशासमोर चार वेळा म्हणून पाहिलं होतं. चारही वेळा ते खोटं वाटलं होतं. पण त्यापुढचं काही त्यांना सुचत नव्हतं. काकूंना सरळ विचारायची त्यांची छाती नव्हती. त्या 'नाही' म्हणाल्या असत्या, तर मग काहीच उरलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते तिकीटघरात गेले. खिडकीमागच्या तिकीटबाई त्यांना वीस वर्षं ओळखत होत्या.

"दोघांचा पास," काका म्हणाले. "त्याच बोटीने परत. डाव्या खिडकीच्या दोन जागा. शुक्रवारचा."

"शुक्रवारचा?" बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "तुमचा दिवस तर बुधवार."

काकांनी मागे वळून पाहिलं. मागे फक्त एक कुत्रं झोपलेलं होतं.

"हळू बोला हो. बुधवार नकोच. घरी संशय यायचा. शुक्रवारी ठमीने अर्धा दिवस रजा मागितलीय."

"बरं बाबा, शुक्रवार. डाव्या खिडकीच्या दोन जागा, बरोबर ना? खाली उतरणार असाल तर पासपोर्ट लागेल. उतरणाऱ्याला परतीला महिन्याची मुदत असते. न उतरता परत येणार असाल तर नुसतं नाव लिहून चालतं."

"उतरणार नाही."

"तसंही तुम्हाला उतरता येणार नाहीच. पुस्तिका जमा केलीत ना? आता रॅम्पवरसुद्धा सोडणार नाहीत. वरच्या मजल्यावर काचेआड बसायचं, आमच्यासारखं."

काका हसले. पण ते काचेआडचं बसणं त्यांना घरी येईपर्यंत टोचत राहिलं. एकतीस वर्षं त्यांनी बोटीच्या पोटात काढली होती. वरून समुद्र कसा दिसतो हे त्यांना नीटसं ठाऊकही नव्हतं.

घरी काकूंनी पिशवी भरायला घेतली होती. कापडाची, रुंद पट्ट्यांची जुनी पिशवी. काकांनी ती सवयीने उचलून पाहिली.

"साडेसहा किलो," ते म्हणाले. "आठ तासांच्या फेरीला?"

"वारा असतो म्हणता ना. शाल घेतलीय."

"शाल साडेसहा किलोची?"

"दोन शाली घेतल्यात," काकू म्हणाल्या आणि पिशवीची चेन ओढून घेतली.

टायरवरून ट्रकचं वजन सांगणाऱ्या माणसाला यात काही वावगं दिसलं नाही. बायकांना थंडी जास्त वाजते, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

दुपारी जेवणं झाल्यावर काकूंनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. त्यांच्या प्रश्नांना एक रोख होता, पण काका उत्तरं देण्यात इतके रंगले की तो त्यांच्या ध्यानात आला नाही. वरून धक्का दिसतो का? दिसतो. रॅम्प? तोही दिसतो. माणसं चालत उतरतात ती गाड्यांच्या आधी की नंतर? आधी. जिना उभा आहे का, गुडघ्यांना झेपेल का? तसा बरा आहे, कठडा आहे. आणि ते पहारेकरी फार वेळ घेतात का?

"कुठले पहारेकरी?" काकांनी विचारलं.

"असतील ना कुणी तरी. देश आहे म्हणजे पहारा असणारच."

"असतो एक. पण भला माणूस आहे," काका म्हणाले आणि जीभ चावली.

काकू उठल्या, काकांनी चौकटीच्या कागदावर काढलेला फेरीचा आराखडा त्यांनी टेबलावरून उचलला आणि खिडकीशी नेऊन वाचला. काकांनी तो मोठ्या निगुतीने काढला होता. घरातून निघायची वेळ, बसची वेळ, जागांची खूण, पाण्याची बाटली कोणी धरायची, सगळं. काकू तो बराच वेळ वाचत राहिल्या. मग त्यांनी पेन्सिलीच्या मागचं रबर घेतलं आणि वरच्या कोपऱ्यातला शुक्रवार खोडला.

"हे काय?" काका म्हणाले.

"शुक्रवारी कशाला? तिची रजा जाईल उगीच." काकूंनी कागदावरचा चुरा फुंकला. "ठमी बुधवारी मोकळी असते."

नळ टपटपत होता. काका उठले, तो घट्ट बंद केला, पुन्हा येऊन बसले. सात वर्षांत त्या घरात ते नाव पहिल्यांदा ऐकू आलं होतं.

"तुला कोणी सांगितलं?"

"तुमच्या दाढीने."

"काय?"

"कामावर जाताना तुम्ही आधी कधी दाढी केली होतीत? रविवारी एकदा, बाकी आठवडाभर खुंट. खाली ट्रकवाल्यांना काय दाखवायचंय, म्हणायचात. आणि सात वर्षं दर बुधवारी सकाळी बघावं तर गाल गुळगुळीत. मला आधी वाटलं, दुसरीच कोणी आहे." काकूंच्या ओठांचा कोपरा हलला. "मग ते जॅक दुरुस्तीवाले. तुमच्या जॅकला असा कोणता रोग जडला होता, की त्याच्याशी दर रविवारी परसात जाऊन हळू आवाजात बोलावं लागे?"

काकांनी कपाळाला हात लावला.

"आणि मोजा," काकू म्हणाल्या.

"मोजा तर खिशातच होता."

"धुवून ठेवला होता. वाळवून. तुम्ही वास घेतला असतात तर आपल्या साबणाचा आला असता." आता त्या काकांकडे बघत नव्हत्या. "एवढासा होता. पण पंजा रुंद. तुमच्यासारखा. मी म्हटलं, बिचारीला जन्मभर चपला मिळायच्या नाहीत."

हे बोलताना त्यांचा आवाज फाटला आणि त्यांनी तो लपवला नाही. काकांनी टेबलावरून हात पुढे केला. काकूंनी तो धरला नाही, पण त्याच्या शेजारी आपला हात ठेवला.

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत?"

"मला वाटलं, तुला त्रास होईल. तू नको म्हणशील. तुझा शब्द..."

"माझा शब्द काय होता? नीट आठवा. या घराचा उंबरा चढू नकोस, असं मी तिला म्हटलं. बोलू नये ते बोलले, आता तो शब्द माझ्या गळ्यात आहे. पण मी तिचा उंबरा चढणार नाही, असं कधी म्हटलं होतं?"

काकांनी आठवून पाहिलं. दार, पिशवी, ठमीचा वाकलेला खांदा, सगळं जसंच्या तसं आठवलं. काकू म्हणत होत्या ते खरं होतं. तसं कोणीच म्हटलं नव्हतं.

काकू आतल्या खोलीत गेल्या, कपाटाचं वरचं दार वाजलं आणि त्या येऊन पुन्हा समोर बसल्या. टेबलावर, साखरेच्या बरणीशेजारी, त्यांनी पासपोर्ट ठेवला. काकांनी उघडला. फोटोत काकूंचा चेहरा असा होता, जणू कोणी त्यांना खोटं पाडायला बघत होतं आणि त्या खोट्या पडणार नव्हत्या. तारीख चार वर्षांपूर्वीची होती. आतली सगळी पानं कोरी.

"मोजा सापडला त्याच्या पुढच्या सोमवारी अर्ज भरला," काकू म्हणाल्या. "वाटलं, आता हा माणूस म्हणेल, चल. एखाद्या बुधवारी दारातून मागे वळेल आणि म्हणेल, चल गं. दर मंगळवारी मी पिशवी भरून ठेवायचे. तुम्ही दाढी करायचात, चहा प्यायचात आणि निघून जायचात. मी पिशवी रिकामी करायचे."

काका पासपोर्टाची कोरी पानं उलटत राहिले. बोट कधी कलू दिली नाही, या गोष्टीचा त्यांना फार अभिमान होता. चार वर्षं आपल्या घरात एक भरलेली पिशवी उचलली जात होती आणि ठेवली जात होती, आणि आपल्याला पत्ता नव्हता.

"चुकलो," ते म्हणाले.

"मीही चुकलेच की. मीच म्हणायचं होतं. पण तोंड उघडायचं म्हटलं की..." काकूंनी हात झटकला. "जाऊ दे. आता हा उतरायचं नाही, पाय ठेवायचा नाही, हा वेडेपणा पुरे. बुधवारी आपण उतरायचं. तुमचा पासपोर्ट काढा, कुठे आहे तो."

काका उठून कपाटाच्या खणापाशी गेले. खण उघडला. त्यात बघत तसेच उभे राहिले.

"अहो?"

"माझी पुस्तिका होती," काका खणातच बघत म्हणाले. "ती जमा केली. पासपोर्ट मी कधी काढलाच नाही. लागला कधी?"

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. नऊ हजार फेऱ्या केलेला माणूस उघड्या खणासमोर मुलासारखा उभा होता. आधी त्यांचे खांदे हलले, मग त्यांनी पदर तोंडावर धरला आणि मग त्या इतक्या हसल्या, की त्यांना खुर्चीची पाठ धरावी लागली. काकांनाही हसू आवरेना. हसता हसता दोघांचेही डोळे पुसायची वेळ आली आणि दोघांनीही ते हसण्याच्या नावावर खपवलं.

"अर्ज केला तर सहा आठवडे लागतात," काका शेवटी म्हणाले. "थांबू या. मग दोघंही उतरू."

"मी चार वर्षं थांबले. तुम्ही थांबा सहा आठवडे." काकूंनी कागद पुढे ओढला आणि खोडलेल्या जागी स्वच्छ अक्षरात बुधवार लिहिला. "तुम्ही बोटीतच बसा. तुम्हाला सवय आहे."

काकांनी पास बुधवारचा करून घेतला, काकूंचा पासपोर्ट तिकीटघरात दाखवला आणि ठमीला फोन करून दिवस कळवला. बुधवारी समुद्र शांत होता. काकूंना डावी खिडकी आवडली. साडेतीन तासांत त्यांनी समुद्राबद्दल एकच मत दिलं, की एवढं पाणी आहे पण धुवायला उपयोग नाही. काकांना वरून पाणी बघून गरगरत होतं. खालून साखळ्यांचे आवाज येत, तेव्हा तेवढं त्यांना बरं वाटे. बोट वळली, डावी बाजू धक्क्याकडे आली आणि समोर, अगदी कागदावर होतं तसं, रॅम्प, वीस पावलं आणि पिवळी रेषा दिसू लागली. रेषेवर दोघी उभ्या होत्या.

"अगं, ती बघ कोण," काका म्हणाले. आता ते वाक्य सहज आलं.

काकूंनी मान हलवली. त्या उठल्या, पिशवी उचलली आणि जिन्याकडे गेल्या. काका काचेला कपाळ टेकून उभे राहिले.

खाली त्यांच्या जागी आलेला माणूस ट्रक उतरवायची तयारी करत होता. काकांनी एरवी त्याच्या चार चुका काढल्या असत्या. आज त्यांना ट्रक दिसले नाहीत. चालत उतरणाऱ्या माणसांत काकूंची राखाडी शाल दिसली. पहारेकऱ्याने पासपोर्ट बघितला, शिक्का मारला, पुन्हा एकदा नाव वाचलं आणि मग वळून समुद्राकडे तोंड करून उभा राहिला.

काकू रेषेपाशी थांबल्या. पलीकडे ठमी होती. दोघी तशाच उभ्या राहिल्या, हात बाजूला सोडून, अगदी एकसारख्या. काचेतून काही ऐकू येत नव्हतं, पण काकांना ठाऊक होतं की ऐकण्यासारखं काही नाहीच. दोघींपैकी एकीने तोंड उघडायला हवं होतं आणि दोघींनाही ते जमत नव्हतं. काकांनी काचेवर हळूच बोट वाजवलं, जसं काही ते तिकडे पोचणार होतं.

मग नात आईचा हात सोडून पुढे आली आणि या नव्या बाईकडे मान वर करून बघू लागली. काकूंनी तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या पायांकडे पाहिलं. त्यांनी पिशवी खाली ठेवली, रेषा ओलांडली, पलीकडे जमिनीवर बसल्या आणि पोरीचा एक बूट काढून तिचं पाऊल आपल्या तळहातावर घेतलं. वीत लावून बघितली. मान वर करून ठमीला काही तरी म्हणाल्या आणि ठमी दोन्ही हात तोंडावर ठेवून एकदम खाली बसली. मग तिथे तिघींचा एक गोळा झाला, त्यात कोणाची पाठ कोणती ते वरून कळेना. काकांना काचही नीट दिसेनाशी झाली होती.

चाळीस मिनिटं सरत आली. नात उठून बोटीकडे बोट दाखवत काही विचारत होती आणि काकूंनी वर न शोधता नेमकी डावी खिडकी तिला दाखवली. काकांनी दोन्ही हात हलवले. पोरीनेही दोन्ही हात हलवले.

पहिला भोंगा झाला. काकू उठल्या. त्यांनी रेषेवरची पिशवी उचलली आणि पलीकडे ओढून घेतली.

साडेसहा किलो, काकांच्या मनात आलं. दोन शाली कसल्या. हे तर आठवड्याचे कपडे.

दुसरा भोंगा झाला. रॅम्प उचलला गेला, धक्का मागे सरू लागला. तिघी रेषेच्या पलीकडे उभ्या होत्या आणि लहान होत गेल्या. काका खाली बसले. शेजारची जागा मोकळी होती, आजूबाजूच्या सगळ्या जागा मोकळ्या होत्या; डाव्या अंगाला ते एकटेच होते. थोड्या वेळाने ते उठले, बोटीच्या मधल्या ओळीत गेले आणि बरोबर मधल्या बाकावर बसले.

खिशातला फोन वाजला. पडद्यावर 'जॅक दुरुस्ती' असं नाव होतं. काकांनी तो कानाला लावला.

"अहो," पलीकडून काकूंचा आवाज आला. मागे एक लहान पोर काही तरी जोरजोरात सांगत होतं. "मटार वरच्या कप्प्यात आहेत, आधी ते संपवा. पासपोर्टचा अर्ज उद्याच्या उद्या भरा. आणि पुढच्या बुधवारी या मला न्यायला." त्या जरा थांबल्या. "दाढी करून या."